कंट्रोल थिअरी: यंत्रांचा पहारेकरी



यंदा मंडळाच्या पिकनिकला कणसे भाजता भाजता गप्पा हॅकिंगवर आल्या. आम्ही आयटीवाले असल्यामुळे सल्ले द्यायचे काम आपसूकच आमच्याकडे आले. पासवर्ड मोठा ठेवा, अनोळखी ईमेल उघडू नका, सॉफ्टवेअर अपडेट करत राहा, वगैरे नेहमीचे पाढे आम्ही म्हणून दाखवले. शेजारी एक काका शांतपणे ऐकत होते. उभी हयात नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेलेली, आता सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. ते म्हणाले, "तुम्ही लोक कुलपाबद्दलच बोलता. चोर आत शिरल्यावर काय? टाकीपाशी कोणी बसून आहे का?"

आम्ही जरा गडबडलो. मग काकांनीच एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावातल्या उंच टाकीवर पाण्याची पातळी दाखवणारा काटा होता. एकदा तो तीन मीटरवर अडकला. नवीन आलेला ऑपरेटर काट्याकडे बघून निश्चिंत बसला होता. काकांनी घड्याळ बघितले आणि पंप चालू करायला सांगितला. का? तर गावाला पाणी सोडून दोन तास झाले होते, पंप बंद होता, आणि काटा मात्र जागचा हलला नव्हता. "काटा काहीही म्हणू दे, दोन तास पाणी सोडल्यावर टाकी भरलेली राहील का रे?" असे म्हणून काका कणीस खाऊ लागले.

घरी आल्यावर आमच्या लक्षात आले की हल्लेखोरांपासून यंत्रे वाचवण्याची जी पद्धत गेली पंधरा-वीस वर्षे विद्यापीठांमध्ये अभ्यासली जात आहे, तिचा गाभा काकांनी दोन वाक्यांत सांगितला होता. इंजिनिअरिंगला असताना आपल्यापैकी अनेकांनी 'कंट्रोल सिस्टिम्स' हा विषय पास होण्यापुरता वाचला आणि मग सगळे आयटीत आलो. त्याच विषयाची आता कशी गरज पडते आहे, ते या लेखात सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

कॉम्प्युटरच्या हातात व्हॉल्व्ह

बँकेचा कॉम्प्युटर हॅक झाला तर माहिती किंवा पैसे जातात. पण पाण्याचा पंप, विजेचे सबस्टेशन, तेलशुद्धीकरणाचा कारखाना, गाडीचा ब्रेक, हॉस्पिटलमधले औषध सोडणारे यंत्र, इथे कॉम्प्युटरच्या हुकमाने खरीखुरी वस्तू हलते. अशा जोडयंत्रणांना सायबर-फिजिकल सिस्टिम म्हणतात. इथे हल्ला झाला तर नुसता स्क्रीन बंद पडत नाही, दुसरेही बरेच काही बंद पडू शकते.

या सगळ्या यंत्रणांची मूळ रचना एकसारखी असते. एक सेन्सर मोजमाप करतो (टाकीत पाणी किती?). एक छोटा औद्योगिक कॉम्प्युटर निर्णय घेतो (पंप चालू की बंद?). पंप किंवा व्हॉल्व्ह तो निर्णय अमलात आणतो. पाण्याची पातळी बदलते, सेन्सर पुन्हा मोजतो, आणि हे चक्र असेच चालू राहते. यालाच फीडबॅक म्हणतात. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा फुगा असतो, पाणी वर आले की तो नळ बंद करतो. तोही फीडबॅकच, फक्त त्यात कॉम्प्युटर नाही.

ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफ कमी होई. पुढे १८६८ साली मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने अशा गव्हर्नरांचे गणित मांडले. तिथपासून कंट्रोल थिअरी हे शास्त्र वाढत गेले. पण इतकी वर्षे या शास्त्राने बिघाड, कंपने, वारा, तापमानातले चढउतार अशा गोष्टींशी सामना केला. यातला कोणीही मुद्दाम खोटे बोलत नव्हता. आता मुद्दाम खोटे बोलणारा माणूस समोर आला आहे.

असे खरोखर घडले आहे

पहिले गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातले. सन २००० मध्ये क्वीन्सलँडमधल्या मरूची शायर इथल्या सांडपाणी यंत्रणेत विचित्र गोष्टी होऊ लागल्या. पंप मधेच बंद पडत, अलार्म वाजत नसत. नवीनच बसवलेली यंत्रणा, त्यामुळे इंजिनिअर मंडळींना सुरुवातीला वाटले की कुठेतरी बिघाड आहे. शेवटी कळले की यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत पूर्वी काम करणारा एक माणूस लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन गाडीतून फिरत होता आणि पंपांना खोटे हुकूम पाठवत होता. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी बागांमध्ये, नद्यांमध्ये आणि एका हॉटेलच्या आवारात पसरले.

दुसरे उदाहरण युक्रेनचे. २३ डिसेंबर २०१५ रोजी तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर हल्लेखोरांनी ताबा मिळवला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माऊसचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक सबस्टेशन बंद होऊ लागले. भर थंडीत सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. काही तासांत ती परत आली, पण त्यासाठी माणसांना सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर लावावे लागले.

आणि इथले उदाहरण हवे असेल तर पेनसिल्व्हेनियातले ॲलिक्विपा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या एका पंपिंग स्टेशनमधल्या इस्रायली बनावटीच्या कंट्रोलरवर हल्लेखोरांनी आपला संदेश झळकवला. हे स्टेशन पाण्याचा दाब राखायचे काम करते. अलार्म वाजला, कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हातावर घेतली आणि पाणी चालू राहिले. त्या सुमारास अशाच कंट्रोलरवर देशात आणखीही ठिकाणी हल्ले झाले. अमेरिकी सरकारी यंत्रणांच्या म्हणण्यानुसार हे कंट्रोलर थेट इंटरनेटला जोडलेले होते आणि बहुधा कारखान्यातून आलेला पासवर्डही कोणी बदललेला नव्हता. म्हणजे आमचे पासवर्डचे पाढे अगदीच फुकट नाहीत! पण काकांचा प्रश्न शिल्लक राहतोच. कुलूप तुटल्यावर काय?

काट्यावर नको, हिशेबावर विश्वास

आता काकांच्या टाकीचा हिशेब मांडू. समजा टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर आहे. पंप तासाला ६० घनमीटर पाणी आत टाकतो आणि गावाला तासाला ४० घनमीटर जाते. म्हणजे तासाला २० घनमीटर पाणी टाकीत साठते आणि पातळी १ मीटर वाढते. दर सहा मिनिटांनी नोंद घेतली तर प्रत्येक वेळी पातळी १० सेंटिमीटर वर गेलेली दिसली पाहिजे. हे आपले गणिती मॉडेल. यात काही जादू नाही, आलेले वजा गेलेले बरोबर साठलेले.

आता सेन्सरकडून येणारा आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांची दर वेळी वजाबाकी करायची. या उरलेल्या फरकाला रेसिड्युअल म्हणतात. आपण त्याला 'तफावत' म्हणू. तफावत शून्याच्या आसपास असेल तर ठीक. मोठी झाली तर काहीतरी गडबड आहे. सेन्सर बिघडला असेल, पाइप फुटला असेल किंवा कोणी खोटे आकडे पाठवत असेल. कारण नंतर शोधू, पण गडबड आहे हे तर कळले!

प्रत्यक्षात सेन्सर थोडाफार चुकतो, पाण्यावर लाटा असतात, गावाचा वापरही सकाळ-संध्याकाळ बदलतो. त्यामुळे अंदाज आणि मोजमाप यांतल्या कोणावर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवावे लागते. याचे एक सुंदर उत्तर रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली दिले. काल्मन फिल्टर दर पावलाला आधी अंदाज बांधतो, मग मोजमाप बघतो आणि दोघांच्या विश्वासार्हतेनुसार मधला मार्ग काढतो. अपोलो मोहिमांमध्ये यानाचा ठावठिकाणा काढायला ही पद्धत वापरली होती. आज तुमच्या फोनमधल्या जीपीएसच्या मागेही अशाच पद्धती असतात. यंत्रांच्या रक्षणासाठी हाच फिल्टर वापरून तफावत काढतात.

उधारीची वही

समजा तफावत ५ सेंटिमीटरच्या वर गेली की घंटा वाजेल असे आपण ठरवले. हल्लेखोर हुशार असेल तर तो एकदम मोठे खोटे बोलणार नाही. पातळी १० सेंटिमीटर वाढली की तो ८ च दाखवेल. तफावत फक्त २. घंटा वाजत नाही. पुढच्या वेळी पुन्हा २. असे करत करत टाकी काठोकाठ भरून वाहू लागेल, आणि स्क्रीनवर सगळे आलबेल!

यावर उपाय आपल्या किराणा दुकानदाराला ठाऊक आहे. एका वेळची दहा रुपयांची उधारी कोणाला जड नसते, पण दुकानदार ती वहीत लिहून ठेवतो. तशीच तफावतीची वही ठेवायची. नेहमीची चूक म्हणून प्रत्येक नोंदीतून १ सेंटिमीटर माफ करायचा आणि उरलेली बेरीज करत राहायचे. बेरीज शून्याच्या खाली मात्र जाऊ द्यायची नाही. वरच्या उदाहरणात दर वेळी १ सेंटिमीटर वहीत चढतो. बेरीज ८ च्या वर गेली की घंटा वाजवायची असे ठरवले तर नवव्या नोंदीला, म्हणजे ५४ मिनिटांत, चोरी पकडली जाते. या पद्धतीला क्युसम म्हणतात आणि कारखान्यांत मालाचा दर्जा तपासायला ती १९५० च्या दशकापासून वापरात आहे.

यातून आणखी एक उपयोगी गोष्ट कळते. त्या ५४ मिनिटांत हल्लेखोराने फार तर १८ सेंटिमीटर पाणी लपवले. म्हणजे टाकीच्या वरच्या काठाशी १८ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा कायम मोकळी ठेवली, तर या वेगाने खोटे बोलून त्याला टाकी सांडवता येणार नाही. त्याहून सावकाश खोटे बोलला तर पकडायला वेळ लागेल, पण टाकी भरायलाही त्याला जास्त वेळ लागेल, आणि तोवर पाळी बदलते, माणूस टाकीवर चक्कर मारतो. प्रत्येक हल्लेखोराला पकडता येईल असे हे शास्त्र म्हणत नाही. पकडला न जाता तो जास्तीत जास्त किती नुकसान करू शकेल, हे मात्र आधीच मोजता येते आणि त्याप्रमाणे यंत्रणा बांधता येते.

टेप लावून ठेवणारा चोर

याहून वस्ताद हल्लेखोर जुने खरे आकडेच पुन्हा वाजवतो. सिनेमात चोर सुरक्षा कॅमेऱ्याला रिकाम्या खोलीची जुनी टेप लावून देतात, तसेच.

हे खरोखर घडले ते इराणमधल्या नतान्झ इथल्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या केंद्रात. स्टक्सनेट नावाचा हा कॉम्प्युटर वर्म २०१० साली उघडकीस आला. त्याचे दोन भाग होते. एक भाग सेंट्रिफ्यूजचे व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब वाढवत असे. तो आधी २१ सेकंदांची खरी मोजमापे टिपून घेई आणि हल्ला चालू असताना तीच पुन्हा पुन्हा दाखवत राही. दुसरा भाग सेंट्रिफ्यूजचा वेग बदलत असे. एरवी १०६४ हर्ट्झवर चालणाऱ्या मोटारी तो १४१० हर्ट्झपर्यंत पळवी, नंतर एकदम २ हर्ट्झपर्यंत खाली आणी. सुमारे एक हजार सेंट्रिफ्यूज निकामी झाले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा वर्म पसरत पसरत भारतातही आला होता. लागण झालेल्या कॉम्प्युटरांच्या संख्येत इराण आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारताचा नंबर होता. सुदैवाने तो नतान्झसारखीच रचना शोधत असल्यामुळे इतरत्र यंत्रे मोडली नाहीत.

टेप लावणाऱ्याला कसे पकडायचे? तफावत तर शून्यच दिसणार, कारण आकडे खरेच आहेत, फक्त जुने आहेत. २००९ साली यिलिन मो आणि ब्रुनो सिनोपोली या दोघांनी याचे एक उत्तर मांडले. आपण ते घरगुती उदाहरणाने समजून घेऊ.

आपण दर रविवारी गावी फोन करतो. आई म्हणते, "सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस." समजा कोणी या वाक्याची टेप लावून ठेवली, तर आपल्याला कळेल का? "बरी आहेस ना?" एवढेच विचारले तर नाही कळणार. पण मधेच विचारले, "आज भाजी कुठली केलीस?" तर टेप लगेच उघडी पडते. प्रश्न आधी ठाऊक नसेल तर उत्तर आधी टेप करून ठेवता येत नाही.

यंत्राला असाच अनपेक्षित प्रश्न विचारायचा. पंपाचा वेग गुपचूप थोडासा, समजा दोन टक्के, कधी वाढवायचा तर कधी कमी करायचा. कधी वाढवायचा ते नाणे उडवल्यासारखे ठरवायचे, म्हणजे कोणालाही आधी ओळखता येणार नाही. आपल्या टाकीत दोन टक्क्यांनी सहा मिनिटांत पातळीत जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. एका नोंदीत तो लाटांमध्ये हरवून जाईल. पण शंभर नोंदी एकत्र लावून बघितल्या तर आपण दिलेल्या हेलकाव्यांची खूण पाण्यात दिसायलाच हवी. टेपमध्ये ती खूण नसते. नोटेवरच्या पाण्याच्या खुणेवरून या पद्धतीला वॉटरमार्किंग असे नाव पडले.

अर्थात हे फुकट नाही. पंप हेलकावे खात चालवला की थोडी वीज जास्त लागते, झीजही होते. आणि ज्या कॉम्प्युटरवर हल्लेखोराचा ताबा आहे त्यालाच खूण घालायला आणि तपासायला सांगितले तर उपयोग शून्य. तपासणारा वेगळा आणि स्वतंत्र हवा.

पंचांचे ऐकावे, पण किती पंचांचे?

हल्लेखोराकडे आपल्या यंत्रणेचा सगळा नकाशा असेल आणि अनेक मीटर त्याच्या ताब्यात असतील तर? २००९ मध्येच लिऊ, निंग आणि रायटर या संशोधकांनी दाखवले की विजेच्या जाळ्यात असा माणूस सगळे मीटर एकमेकांशी जुळतील असे खोटे बोलायला लावू शकतो. मग हिशेब बरोबर लागतो आणि तफावत दिसतच नाही. दुकानाच्या दोन्ही वह्या एकाच माणसाने मिळून बदलल्या तर हिशेबनीस तरी काय करणार?

इथे साक्षीदारांची संख्या महत्त्वाची ठरते. एकच गोष्ट वेगवेगळ्या मार्गांनी मोजायची. टाकीची पातळी, पंपातून गेलेले पाणी, पंपाने खाल्लेली वीज, खालच्या पाइपातला दाब, हे सगळे एकाच पाण्याबद्दल बोलतात. गणिताने सिद्ध झाले आहे की खोटे बोलणारे सेन्सर निम्मे किंवा त्याहून जास्त झाले, तर खरी स्थिती खात्रीने ओळखता येत नाही. ते निम्म्यापेक्षा कमी असतील आणि प्रत्येक सेन्सरला एकट्यालाही सगळी यंत्रणा दिसत असेल, तर ओळखता येते, मग खोटारडे कोण ते आधी माहीत नसले तरी चालते. पाच पंचांत दोन फितूर असले तरी निभावते, तीन झाले की संपले.

पण हे पाचही पंच एकाच वायरवरून, एकाच कॉम्प्युटरमार्गे बोलत असतील तर ते पाच नसून एकच आहेत. म्हणून निदान एक-दोन मोजमापे अगदी वेगळ्या मार्गाने यावीत. जुना काचेच्या नळीचा गेज आणि तो बघून वहीत लिहिणारा माणूस हासुद्धा एक पंच आहे, आणि त्याला दुसऱ्या देशात बसून हॅक करता येत नाही.

घंटा वाजली, आता पुढे?

आयटीत आम्हाला एक सोय असते. गडबड दिसली की सर्व्हर बंद करायचा आणि नंतर बघायचे. शहराचे पाणी किंवा वीज असे बंद करता येत नाही. गडबड चालू असतानाही यंत्र सुरक्षित चालू ठेवावे लागते. इथे कंट्रोल थिअरीचा दुसरा उपयोग होतो. ज्या सेन्सरवर संशय आहे त्याचा आकडा बाजूला ठेवून मॉडेलच्या अंदाजावर काही काळ गाडा हाकता येतो. किती काळ, तेही मोजता येते.

शिवाय हुकमांनाही चाळणी लावता येते. 'हा हुकूम पाळला तर यंत्र धोक्याच्या रेषेपलीकडे जाईल का?' एवढाच प्रश्न विचारणारा एक छोटा, साधा भाग मधे बसवायचा. हुकूम कोणाकडून आला याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पासवर्ड बरोबर असला तरी धोकादायक हुकूम अडवायचा. याची गरज २००७ साली अमेरिकेतल्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत दिसून आली. तिथे एका चाचणीत २७ टनांच्या डिझेल जनरेटरचा ब्रेकर नुसत्या कॉम्प्युटरच्या हुकमांनी चुकीच्या क्षणी उघडला आणि लावला. जनरेटर आणि वीजजाळे यांचा ताल जुळत नसताना ते जोडले गेले, यंत्र हादरले, धूर निघाला आणि निकामी झाले. हुकूम 'अधिकृत' होता, पण यंत्राच्या दृष्टीने घातक होता.

आणि शेवटचा पहारेकरी आपल्या स्वयंपाकघरात आहे. प्रेशर कुकरला शिट्टी असते. ती अडकली तर झाकणावर वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो दाबाने उडतो किंवा उष्णतेने वितळतो आणि वाफ सोडून देतो. तो शिट्टीला विचारत नाही. मोठ्या कारखान्यांमध्येही नेहमीच्या कंट्रोलरपासून वेगळी सुरक्षा यंत्रणा असते. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात हल्लेखोरांनी नेमक्या याच सुरक्षा यंत्रणेला हात घातला. ट्रायटन या नावाने हा हल्ला ओळखला जातो. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकले, सुरक्षा यंत्रणेने कारखाना आपणहून बंद केला आणि तपासात हल्ला उघड झाला. आखातातल्या कारखान्यांमध्ये आपली कितीतरी मराठी माणसे कामाला आहेत. अशा ठिकाणी हल्ल्याची किंमत पैशांत मोजता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. म्हणून सगळ्यात शेवटचा बचाव शक्यतो कॉम्प्युटरविना, नुसत्या स्प्रिंगवर किंवा वजनावर चालणारा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बिघाड की घातपात?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. घरी फोन लावून लावून आपण हैराण झालो होतो. पुढे मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. कोण बरोबर, या वादात आम्ही पडत नाही. पण ही घटना आणि मरूची शायरची घटना शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. एकीकडे हल्ल्याला लोक बिघाड समजले, दुसरीकडे बिघाड की हल्ला यावर एकमत झाले नाही. तफावतीवर लक्ष ठेवणाऱ्या पद्धतीला या वादाची वाट बघावी लागत नाही. कारण काहीही असो, हिशेब जुळत नाही एवढे ती लगेच सांगते आणि प्रत्येक क्षणाची नोंदही मागे ठेवते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मॉडेल चांगले नसेल तर घंटा विनाकारण वाजत राहते, आणि रोज विनाकारण वाजणारी घंटा लोक बंद करून टाकतात. जुन्या यंत्रांचे मॉडेल बनवायला वेळ आणि जाणकार माणूस लागतो. छोट्या गावांच्या पाणीपुरवठा संस्थांकडे मोजकीच माणसे असतात, त्यांना हे कोण करून देणार? आणि कुलूप उघडे टाकून नुसत्या पहारेकऱ्यावर विसंबणेही चूकच.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट घरातली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीला तापमान आणि दाब वाढल्यावर उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला खाली वळलेला पाइप जोडलेला असतो. तो कधीही बंद करू नका, त्याला बूच लावू नका. ठिबकत असेल तर प्लंबरला बोलवा. थर्मोस्टॅट कितीही स्मार्ट असला तरी हा व्हॉल्व्ह त्याला विचारत नाही, हेच त्याचे महत्त्व.

दुसरी गोष्ट गावातली. आपण इथे पाण्याचे बिल भरतो, पाणीपुरवठा मंडळाच्या खुल्या बैठका होतात, पण आपण तिकडे फारसे फिरकत नाही. एकदा जाऊन तीन प्रश्न विचारा. कंट्रोलर थेट इंटरनेटला जोडले आहेत का? यंत्रणा हाताने चालवण्याचा सराव शेवटचा कधी केला? आणि टाकीची पातळी कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळते? यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

तिसरी गोष्ट मुलांची. कॉलेजात विषय निवडताना सगळ्यांचा ओढा सॉफ्टवेअरकडे असतो, आणि आम्ही कोणत्या तोंडाने नको म्हणणार! पण नेटवर्क सुरक्षा जाणणारी माणसे वेगळी आणि पंप-टर्बाइन जाणणारी वेगळी, असे आज बहुतेक ठिकाणी असते. दोन्ही समजणारी माणसे फार थोडी आहेत. एखाद्या मुलाला गणिताची आणि यंत्रांची दोन्हीची आवड असेल तर कंट्रोल सिस्टिम्सचा एखादा कोर्स जरूर घ्यायला सांगा.

पिकनिकनंतर आम्ही काकांना फोन करून हे सगळे सांगितले. काल्मन फिल्टर, क्युसम, वॉटरमार्किंग, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी जे करत होतो त्याला इंग्रजीत एवढी नावं आहेत होय?" मग म्हणाले, "त्या नवीन ऑपरेटरला मी नंतर रोज एकदा टाकीची शिडी चढायला लावली. तेही लिहा."

म्हणून लिहिले.